वारा लागू नये म्हणून

जुन्या मराठी घरात माजघराला लागून, देवघरापासून दूर आणि न्हाणीला जवळ अशी एक लहानशी, बहुधा एकाच झरोक्याची खोली असे. एरवी तिच्यात कणग्या, पोचे आलेले हंडे आणि मोडका पाळणा पडून असायचा. पण घरातल्या लेकीचे दिवस भरत आले म्हणजे महिना-दीड महिन्यापुरते त्या अडगळीला एकाएकी असे महत्त्व येई, की खुद्द घरधन्यालाही तिच्या उंबऱ्याआत पाऊल टाकण्याची मुभा राहत नसे. जमीन सारवली जाई, झरोक्याला गोणपाट लागे, माळ्यावरून बाज उतरे, तिच्याखाली ठेवायची शेगडी घासूनपुसून सिद्ध होई, गोवऱ्यांची रास परसदारी रचली जाई आणि आजीच्या जुन्या, धुऊन-धुऊन मऊ झालेल्या लुगड्यांची बाळोती फाडण्याचे काम दुपारच्या निवांत वेळी बायका गप्पा मारीत उरकीत.

माझ्या आजोळची ही खोली मी बाहेरूनच पाहिली आहे, कारण आम्हां मुलांना तिथे सक्त मज्जाव होता. दारात निंबाचा डहाळा आणि वाटीत गोमूत्र असे. आतून ओवा, बाळंतशेप, वावडिंग आणि लसणीची साले यांच्या धुरीचा, तापलेल्या तेलात मिसळलेला वास येई. ऐन वैशाखात, कानांभोवती घट्ट फडके आवळून, घामाने डबडबलेली मावशी बाजेवर पडलेली दाराच्या फटीतून दिसली, तेव्हा दार जरा उघडू का, असे मी विचारले आणि आजी अंगावर ओरडलीच, ‘‘अरे, वारा लागेल की तिला!’’

या एका ‘वाऱ्या’च्या धाकावर आपल्याकडील बाळंतपणाची सारी व्यवस्था शेकडो वर्षे उभी होती. ही व्यवस्था म्हणजे निव्वळ अडाणीपणा, असे म्हणून मोकळे होणारे सुधारक आणि तिच्यात सगळे शहाणपण ठासून भरले आहे असे मानणारे अभिमानी, हे दोघेही मला सारखेच उतावळे वाटतात. कारण तो वारा कोणाला लागू द्यायचा नाही आणि कोणाला खुशाल लागू द्यायचा, याचा इतिहास दोघांनीही नीट वाचलेला नसतो.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, नववा महिना लागण्यापूर्वीच सूतिकागार, म्हणजे बाळंतिणीचे घर, बांधून ठेवावे असे सांगितले आहे. आणि त्या घराचे जे वर्णन तिथे येते, त्यात अग्नी, पाणी, उखळ, शौचाची जागा, स्नानाची जागा आणि स्वयंपाकघर यांची तजवीज सांगून ते घर त्या त्या ऋतूत सुखावह असावे, अशीही अट घातली आहे. गोणपाट ठोकलेल्या अडगळीच्या खोलीला ही अट लागू करून पाहिली, तर मूळ शास्त्र आणि उतरत आलेला रिवाज यांत किती अंतर पडले ते ध्यानात येते. सुश्रुताने त्या घराची मापेही दिली आहेत: आठ हात लांब, चार हात रुंद. चरकाच्या मते सोबतीला कोणत्या बायका असाव्यात, तर ज्या स्वतः अनेकदा प्रसूत झाल्या आहेत, ज्यांना त्या स्त्रीविषयी माया आहे आणि ज्यांच्यात कष्ट सोसण्याची ताकद आहे, अशा. विद्वान असाव्यात, असे कुठे म्हटलेले नाही.

चरकाच्या त्याच अध्यायात एक लहानसा वाद नोंदलेला आहे आणि मला तो साऱ्या ग्रंथातील अत्यंत मानवी प्रसंगांपैकी एक वाटतो. कळा येऊनही सुटका होत नसेल तर त्या बाईने उठून मुसळ हाती घ्यावे, उखळात धान्य कांडावे, मधून मधून जांभया द्याव्यात आणि फेऱ्या घालाव्यात, असे काही लोक म्हणत. त्यावर संहितेतले आचार्य भगवान आत्रेय साफ नकार देतात. गर्भिणीला दारुण श्रम सदाच वर्ज्य, मग प्रसूतिकाळी, शरीरातील सारे धातू चळलेले असताना, मुसळाचे काम कसले सांगता, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. जांभया आणि फेऱ्या मात्र ते मान्य करतात. दिवस भरलेल्या सुनेने जात्यावर दळले म्हणजे मोकळी होते, असे म्हणणाऱ्या सासवा आपल्याकडे परवापरवापर्यंत होत्या. त्यांचा पक्ष दोन हजार वर्षांपूर्वीच खोडला गेला होता, हे बिचाऱ्या सुनांना कोण सांगणार?

आठव्या महिन्याविषयीचा धसकाही तितकाच जुना आहे. त्या महिन्यात ओज आईकडून गर्भाकडे आणि गर्भाकडून आईकडे ये-जा करीत राहते, म्हणून त्या काळातील जन्म धोक्याचा, ही संहितेतील कल्पना. आणि सातव्या महिन्यात ओटी भरून, डोहाळजेवण करून, आठवा लागण्याच्या आत लेकीला माहेरी आणून घालायची हा आपला शिरस्ता तिच्याशी नेमका जुळतो. बैलगाडीच्या त्या दिवसांत, वाटेतल्या हादऱ्यांचा विचार करता, यात व्यवहारही होताच. पण माझ्या मते डोहाळजेवणाचे खरे मर्म हिरव्या साडीत वा फुलांच्या वाडीत नव्हते. सासरच्या स्वयंपाकघरातून, विहिरीवरून आणि जात्यावरून एका बाईला चार-पाच महिन्यांची रजा काढून देण्याचा तो समारंभ होता, आणि ती रजा कोणी नाकारू नये म्हणून तिला धर्माची मोहोर लावलेली होती.

बाळंतपणानंतरच्या सोयराचेही तसेच. विटाळ हा शब्द कानाला कितीही बोचला, तरी त्या विटाळामुळेच बाळंतिणीला कोणी चुलीपाशी बसवीत नसे. पोटाला तूप-तेल चोळून ते मोठ्या वस्त्राने आवळावे, म्हणजे आत रिकाम्या झालेल्या जागेत वायू शिरून विकार करणार नाही, ही चरकाची सूचना. तिच्यातूनच आपले पोट बांधणे, शेक-शेगडी आणि कानाचे फडके आले असावे. सुश्रुत ही पथ्ये दीड महिना पाळायला सांगतो, आपला व्यवहार सव्वा महिन्यावर थांबतो. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, खारीक-खोबरे, शेपाचा विडा, दशमुळांचा काढा, हा सारा दारूगोळा त्या सव्वा महिन्यासाठी. तो काढा पुढे औषधी कारखान्यांनी बाटल्यांत भरून क्रमांक एक, दोन, तीन असे आकडे घालून विकायला काढला, तेव्हा आजीच्या हातचे प्रमाण गेले आणि छापील वेष्टन आले.

बाळंतपणाचा बंदोबस्त म्हणजे काय, याचे मराठी इतिहासातील परमोच्च उदाहरण पुरंदरावरचे. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला तेव्हा त्यांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या, आणि साऱ्या दौलतीचे भवितव्य त्या पोटावर टांगलेले होते. बारभाई कारभाऱ्यांनी त्यांना पुण्यातून हलवून पुरंदरावर नेले. ज्या कामी एरवी एक खोली, एक सुईण आणि एक शेगडी पुरे होत असे, त्या कामी इथे एक सबंध किल्ला, त्याच्या चौक्यापहाऱ्यांसह, सूतिकागार म्हणून मुक्रर झाला. 18 एप्रिल 1774 रोजी सवाई माधवराव जन्मले आणि त्या बाळाला पेशवाईची वस्त्रे मिळाली तेव्हा त्याचे वय अवघे चाळीस दिवसांचे, म्हणजे सव्वा महिना उलटण्याचाच अवकाश, होते. पुरंदरचा वारा ज्यांनी अंगावर घेतला आहे, त्यांना त्या बाळंतिणीच्या दारा-झरोक्यांची किती काळजी वाहिली गेली असेल, याची कल्पना करता येईल. तीनच वर्षांनी, 1777 साली, गंगाबाई वारल्या.

आता सुईणीकडे वळू. अनेक गावांत ही कामगिरी मांग समाजातील किंवा न्हाव्याच्या घरच्या बाईकडे असे. एरवी जिची सावली टाळायची, तिलाच कळा सुरू झाल्या म्हणजे मध्यरात्री कंदील घेऊन बोलवायला जायचे, तिच्या हाती घरच्या लेकीचा देह सोपवायचा आणि काम झाले की धान्य, लुगडे, चोळी, नारळ देऊन तिची रवानगी करायची. मग बाळंतिणीला न्हाऊ घालून, घर गोमूत्राने शिंपून, तो स्पर्शही पुसून टाकायचा. ज्या हाताला मूल आडवे आहे की पायाळू, हे पोटावर तेल चोळता-चोळता कळत असे, त्या हाताचे मोल सुपातल्या धान्यावर भागवले जाई.

आणि त्या सुईणीचे स्वतःचे बाळंतपण? याची साक्ष आपल्याला एका मुलीने देऊन ठेवली आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात छापून आला. आपल्या लोकांच्या हालांची मोजदाद करताना ती लिहिते, की त्यांच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परदेखील नसते, आणि थंडी, पाऊस व वारा यांनी त्यांचे काय होत असेल याचा विचार ज्याने त्याने स्वतःच्या अनुभवावरून करावा. ज्या घरांच्या झरोक्यांना गोणपाट ठोकले जात होते, त्या घरांत जाऊन ‘वारा लागू देऊ नका’ असे बजावणारी सुईण स्वतः मात्र उघड्या आभाळाखाली बाळंत होत होती. बाळंतपणाच्या आपल्या रीतीभातींवर मी पुष्कळ वाचले आहे. या पोरीच्या चार ओळींइतके खरे क्वचितच वाचले.

आणखी एका वर्गाला ना माहेर होते ना सासर. वाकडे पाऊल पडलेल्या, अथवा घरातल्याच कोणी पाडलेल्या विधवेला सातव्या महिन्यात ओटी कोण भरणार? तिच्यासाठी विहीर होती, नाहीतर जन्मलेल्या जिवाचा गळा होता. फुले दांपत्याने 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि तिथेच जन्मलेल्या एका विधवेच्या मुलाला, यशवंताला, पुढे दत्तक घेतले. पंढरपुरातही 1875 साली प्रार्थना समाजाने तसे गृह सुरू केले.

मात्र बंद खोलीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तिची काळी बाजूही पाहावी. चरकाने नाळ नाभीपासून आठ अंगुळांवर, दोन्हीकडे धरून, सोन्याच्या, रुप्याच्या वा पोलादाच्या तीक्ष्ण शस्त्राने कापायला सांगितली आहे. खेड्यात ती विळ्याने किंवा हाती येईल त्या धारेने कापली जाई, आणि त्या धारेवरचे धनुर्वाताचे जंतू बाळाच्या अंगात शिरत. पाचव्या-सातव्या दिवसाच्या सुमारास बाळ दूध ओढीनासे होई, जबडा घट्ट मिटे, अंग धनुष्यासारखे ताणले जाई. नेमक्या याच दिवसांत आपली पाचवी आणि सटवाईची रात्र येते. पाट्यावरवंट्याची पूजा मांडून, कोरा कागद आणि लेखणी ठेवून, बायका ज्या रात्री डोळ्यांत तेल घालून जागत, ती रात्र कोणाच्या लहरीने ठरली नसावी, असा माझा तर्क आहे. किती पिढ्यांनी किती पाळणे रिकामे झालेले पाहिल्यावर ती पंचांगात शिरली असेल! आणि विरोधाभास असा, की त्या पूजेत विळाही मांडला जाई. नवजात बालकांच्या धनुर्वाताचे देशातून निर्मूलन झाल्याचे जाहीर व्हायला 2015 साल उजाडले.

या बाबतीत साहेबी वैद्यकाने सुईणीला सरसकट गलिच्छ ठरवले, तेही साळसूदपणाचेच. व्हिएन्नाच्या इस्पितळात सेमेलवाइस या डॉक्टराला 1847 साली आढळले, की सुईणींच्या कक्षापेक्षा डॉक्टरांच्या कक्षात बाळंतिणी अधिक मरतात, कारण ते प्रेते चिरलेल्या हातांनीच बायका तपासतात. हात धुवा म्हणणाऱ्या त्या माणसाची त्याच्याच बिरादरीने उपेक्षा केली.

ही दोन्ही जगे जिच्यात एकत्र आली, ती आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी झालेले पहिले मूल दहा दिवसांत गेले, आणि त्या दुःखातून वैद्यकाची वाट धरून ती फिलाडेल्फियाला पोहोचली. 1886 साली एम. डी. होताना तिने प्रबंधासाठी जो विषय निवडला तो अमेरिकेतला नव्हता. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र, हा तो विषय. परक्या देशात, कडाक्याच्या हिवाळ्यात, ही कल्याणची मुलगी आपल्याच सूतिकागारावर लिहीत बसली होती. त्याच वर्षी मुंबईत बायकांसाठी, बायकांनीच चालवायचे कामा रुग्णालय उघडले. 26 फेब्रुवारी 1887 रोजी, स्वदेशी परतून काही महिनेच झाले असताना, आनंदीबाई पुण्यात वारल्या.

इस्पितळांनी खिडक्या उघडल्या, हे उत्तम झाले. पण सव्वा महिन्याच्या रजेचे काय? गिरणीतल्या बाईला ना बाज होती ना माहेरी जाण्याची सोय; खाडा झाला की पगार बुडे. 28 जुलै 1928 रोजी मुंबईच्या विधिमंडळात प्रसूति-लाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, प्रसूतीपूर्वी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, असे प्रतिपादन केले. 1929 साली तो कायदा झाला. जी सवलत आजवर विटाळाच्या नावाने मिळत होती, ती आता हक्काच्या नावाने मागता येऊ लागली. 1961 च्या केंद्रीय कायद्याने ती बारा आठवड्यांची केली आणि 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची.

ही रजा मात्र सगळ्यांपर्यंत पोहोचलेली नाही. बीडकडून उसाच्या फडावर येणारी जोडपी एका ‘कोयत्या’च्या हिशेबात, मुकादमाकडून उचल घेऊन येतात, काम उक्ते, टनावर मोजायचे, आणि खाड्याची भरपाई उचलीतून. त्यांतल्या कितीक बायका दिवस भरलेल्या असतानाही मोळ्या वाहतात आणि कोपीत बाळंत होतात. कोपीला पाचटाचे नाहीतर ताडपत्रीचे छत असते आणि दाराच्या जागी जुने लुगडे. गळिताचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि साऱ्या हिवाळाभर चालतो.