फटफटीचा ठोका

मराठीने मोटारसायकलला जे नाव दिले ते तिच्या आवाजावरून दिले. मोहगाव, सौंसर, पांढुर्णा या आपल्या मुलखात जुन्या माणसांच्या तोंडी ती फटफटीच. नाव ठेवणाऱ्याने यंत्रशास्त्राचे पुस्तक पाहिले नसेल, पण त्याचा कान मोठा पक्का होता. कारण त्या दोन अक्षरांच्या द्विरुक्तीत एका विशिष्ट जातीच्या विलायती इंजिनाची सारी रचना सामावलेली आहे.

ते इंजिन एका सिलिंडरचे. त्यातील दट्ट्या दोन वेळा खालीवर होतो तेव्हा एकदा स्फोट घडतो. म्हणजे आसाच्या दोन फेऱ्यांस एक ठोका. इंजिन उभ्या जागी मिनिटाला सहाशे फेरे घेत असेल तर ठोके पडतात तीनशे, सेकंदाला अवघे पाच. कानाला ते सुटे सुटे ऐकू येतात. चार सिलिंडरांच्या वेगवान यंत्रात हेच ठोके एकमेकांत मिसळून नुसती घरघर उरते. तिला फटफटी हे नाव कोणी दिले नसते.

या जातीचे आपल्याकडील ठळक उदाहरण म्हणजे रॉयल एनफिल्डची ‘बुलेट’. इंग्लंडमध्ये रेडिच नावाचे गाव आहे. ते पूर्वी शिवणाच्या सुयांसाठी प्रसिद्ध होते, आणि एनफिल्डच्या घराण्याचे मूळही अशाच एका सुयांच्या कारखान्यात सापडते. सुईवरून सायकल आणि सायकलीवरून 1901 मध्ये मोटारसायकल, असा हा प्रवास झाला. बुलेट हे नाव 1930 नंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांतले. आपण ओळखतो ती बुलेट मात्र महायुद्धानंतरची. सिलिंडरचा व्यास 70 मिलिमीटर, दट्ट्याची धाव 90 मिलिमीटर, घनफळ 346 घनसेंटिमीटर. धाव व्यासाहून लांब, आणि आत फ्लायव्हीलची जड चाके. म्हणून वेग बेताचा, परंतु चिखलातून व चढावरून संथ गतीने ओढून नेण्याची ताकद भरपूर. मागच्या चाकाला झुलता आधार आणि धक्के शोषणाऱ्या नळ्या देण्यात तर ती त्या काळच्या कितीतरी गाड्यांच्या पुढे होती.

स्वतंत्र भारताच्या लष्कराला सरहद्दीवरील गस्तीसाठी अशीच गाडी हवी होती. 1952 मध्ये मद्रास मोटर्सकडे तिची मागणी नोंदवली गेली. 1955 मध्ये रेडिचची कंपनी आणि मद्रास मोटर्स यांनी मिळून ‘एनफिल्ड इंडिया’ स्थापन केली. पुढल्या वर्षी मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे विलायतेहून आलेले सुटे भाग जोडून गाड्या बाहेर पडू लागल्या. (त्याच 1956 च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना होऊन आपले मोहगाव मध्य प्रदेशात राहिले आणि राजधानी नागपूर मात्र हातची गेली.) 1957 मध्ये भाग घडवण्याची यंत्रसामग्रीही रेडिचने विकून टाकली, आणि काही वर्षांतच गाडी सर्वांगाने भारतीय झाली.

ती येथे टिकली याचे मुख्य श्रेय मी मिस्त्रीला देतो, आणि त्याच्या हाती येईल असे यंत्र रचणाऱ्याला. इंजिन वेगळे, गिअरपेटी वेगळी. एक उघडताना दुसरीला हात लावण्याचे कारण नाही. झडपांचे अंतर जुळवायचे तर डोके उतरवावे लागत नाही. बाजूचे एक झाकण काढले, दोन पाने लावले, की काम झाले. सुरू करण्याची रीत तर विधीसारखीच. डाव्या हाताची छोटी दांडी दाबून आतला दाब सोडायचा, किक हलकेच खाली न्यायची, दिव्याजवळच्या विद्युत्मापकाचा काटा मध्यावर आला की दट्ट्या योग्य जागी आला असे समजायचे. तेथून किंचित पुढे नेऊन मग खरी किक. ज्याला घाई असे त्याची पोटरी गाडीच शेकून काढी! गिअर उजव्या पायाखाली, ब्रेक डाव्या. आणि गिअर न्यूट्रलला आणण्यासाठी टाचेखाली निराळी कळ.

तथापि, ज्या धीम्या परंपरेने आपल्याला हे सारे दिले, तिनेच जन्मदात्यांचा घात केला. तेल गळते, किक मारावी लागते, हादरे बसतात, हे विलायती कारखानदारांनी मोटारसायकलचे धर्मच मानले. 1969 मध्ये होंडाने चार सिलिंडरांची, बटणाने सुरू होणारी, पुढे डिस्क ब्रेक असलेली 750 ची गाडी बाजारात आणली आणि तो समज संपला. एनफिल्डचे विलायतेतील काम 1970 मध्ये बंद पडले. एकेकाळी जगातील सर्वांत मोठी समजली जाणारी बीएसए 1973 च्या विलीनीकरणात बुडाली. मेरिडेनच्या कामगारांनी सहकारी तत्त्वावर चालवलेला ट्रायम्फचा कारखाना 1983 पर्यंत तग धरून होता. मधल्या काळात, 1977 मध्ये, मद्रासची बुलेट विलायतेत विकायला गेली, हा काळाचा विनोदच.

पण त्याचा फार अभिमान बाळगू नये. बुलेट तीस वर्षे जवळजवळ जशीच्या तशी राहिली ती केवळ गुणांवर नव्हे; परवान्यांच्या राज्यात गिऱ्हाइकापुढे निवड फारच थोडी होती. 1985 मध्ये हिरो होंडाची शंभर सीसीची गाडी आली आणि चार थेंब पेट्रोलवर धावू लागली, तेव्हा बुलेटचे दिवस भरले असेच वाटले. 1994 मध्ये कंपनी आयशर समूहात विलीन झाली. तिचे नशीब फिरले ते त्यानंतर.

आता तर चक्र पुरे फिरले आहे. आपल्याच राज्यात पीथमपूरला महिंद्रा समूहाशी संबंधित क्लासिक लेजेंड्सची बीएसए गोल्ड स्टार तयार होते. पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यातून 2023 पासून ट्रायम्फची चारशेची गाडी बाहेर पडते. नॉर्टन 2020 मध्ये टीव्हीएसने विकत घेतली. टाकीवरची नावे जुनी, घडण नवी. पेट्रोल किती सोडायचे ते संगणक ठरवतो, आणि दोष शोधायलाही संगणकच लागतो. बुलेटचे गिअरही शतकाच्या पहिल्या दशकाअखेर डाव्या पायाखाली गेले. पॉइंटमधल्या फटीत पात्याची पट्टी घालून ठोका जुळवणारे मिस्त्री मात्र जुनी गाडी दारात आली की अजूनही आधी हात पुसतात, आणि मग कान लावतात.