द्रावक, गुणसूत्रे आणि कामगाराची प्रकृती : बेंझीनच्या इतिहासातील एक वाद

एकाच कारखान्यात, एकाच हवेत काम करणाऱ्यांपैकी काही जण आजारी पडतात व काही सुखरूप राहतात, ते का? जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९३८ साली ‘हेरेडिटी अँड पॉलिटिक्स’ या ग्रंथात कुंभारकामातील कामगारांच्या श्वासनलिकादाहाच्या संदर्भात आनुवंशिक घडणीकडे बोट दाखविले आणि अशा प्रकृतीच्या व्यक्तींना त्या कामापासून दूर ठेवता येईल, असे सुचविले. कारखान्यांतील आरोग्याचा दर्जा फार खालचा आहे, हेही त्यांनी तेथेच नमूद केले होते. मात्र पुढील चर्चेत पहिल्याच विधानाला अधिक महत्त्व आले.

या वादाची खरी कसोटी बेंझीनच्या बाबतीत लागली. स्वीडनमध्ये सायकलचे टायर बनविणाऱ्या तरुण स्त्रियांच्या बेंझीन विषबाधेची नोंद १८९७ सालची आहे. तथापि गुणसूत्रांवरील परिणाम दिसण्यास १९६० चे दशक उजाडावे लागले. मिलान येथील आलेस्सांद्रा फोर्नी व सहकाऱ्यांनी १९७१ साली दाखविले की, विषबाधेतून बरे झालेल्या कामगारांच्या रक्तपेशींतही गुणसूत्रांची मोडतोड अनेक वर्षे टिकून राहते. त्याच वर्षीच्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासातील छपाई कामगारांपैकी ज्यांचा संबंध केवळ टोल्यूइनशी आला होता, त्यांच्यात अशी वाढ आढळली नाही. द्रावक बदलताच धोका टळतो, याचा याहून सरळ पुरावा क्वचितच मिळेल.

प्रकृतिभेदाचा रासायनिक उलगडा बराच नंतर झाला. यकृतातील सीवायपी२ई१ हे विकर बेंझीनचे विघटन सुरू करते. त्यातून अस्थिमज्जेत घातक क्विनोने तयार होतात व एनक्यूओ१ हे विकर त्यांना निष्प्रभ करते. नॅथनियल रॉथमन, मार्टिन स्मिथ आदींनी १९९७ साली शांघायमधील ५० विषबाधित व ५० निरोगी कामगारांची तुलना केली. ज्यांचे पहिले विकर शीघ्र व दुसरे जन्मतःच निष्क्रिय, त्यांना विषबाधेचा धोका सुमारे साडेसात पट आढळला.

हे आकडे प्रभावी आहेत, परंतु त्यांवरून कामगारांची निवड करू पाहणाऱ्याने थोडे थांबावे. चिनी लोकसंख्येत एनक्यूओ१ निष्क्रिय असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एक पंचमांश आहे. इतक्या लोकांना ‘दुर्बल’ ठरविणे म्हणजे हवेचा दोष रक्ताच्या माथी मारणे होय. शिवाय २००४ साली टिएनजिन येथील पादत्राणांच्या कारखान्यांतील २५० कामगारांच्या पाहणीत, हवेतील बेंझीन दशलक्षात एक भागाहून कमी असतानाही रक्तपेशी घटल्याचे दिसले. अमेरिकेने १९८७ साली ठरविलेली मर्यादा नेमकी हीच होती. काही जनुकभेद असणाऱ्यांत परिणाम अधिक होता, हे खरे; पण इतरही त्यातून सुटले नव्हते.

अमेरिकेच्या २००८ च्या जनुकीय भेदभावविरोधी कायद्याने हा भेद काहीसा ओळखला आहे. जनुकीय माहितीवरून नोकरी नाकारण्यास त्यात मनाई आहे. कामाच्या जागी झालेल्या गुणसूत्रहानीची देखरेख मात्र कामगाराच्या लेखी संमतीने किंवा कायद्याने आवश्यक असल्यास करता येते.