शरणपूर: नाशिकमधील आफ्रिकी मुलांचा आश्रय

चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी 1854 मध्ये नाशिकलगत शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत उभारली. हिंदी महासागरात गुलामांची वाहतूक करणारी गलबते ब्रिटिश आरमार पकडत असे आणि त्यांतून सोडवलेल्या, घरादाराला पारख्या झालेल्या आफ्रिकी मुलामुलींपैकी अनेकांना मुंबईहून येथे पाठवले जाई. अन्नवस्त्र व अक्षरओळख यांबरोबरच मुलांना सुतारकाम, लोहारकाम असे स्वतःच्या पायावर उभे करणारे धंदे शिकवले जात, आणि या मदतीचे खरे मोल तेथेच होते. अर्थात तिच्यासोबत नवा धर्म आणि नवी नावेही आली. त्याबाबत मुलांची इच्छा कोणी विचारली असेल, असे मानणे कठीण आहे. नाशिक जिल्ह्यातील पेठसारख्या डोंगराळ आदिवासी तालुक्यातून आज द्राक्षबागांत व बांधकामांवर मजुरीसाठी येणाऱ्या तरुणांच्या हाती असे कसब फारसे पडत नाही, ही उणीव हा इतिहास वाचताना अधिक बोचते.

शरणपूरचा विद्यार्थी जेकब वेनराइट 1872 मध्ये आफ्रिकेत संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीस गेलेल्या तुकडीत होता. 1 मे 1873 च्या सुमारास लिव्हिंग्स्टन निवर्तल्यावर त्याने झाडावर स्मृतिलेख कोरला, सहकाऱ्यांसह पार्थिव समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोहोचवले आणि एप्रिल 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीतील अंत्यविधीत खांदाही दिला. पुढे प्राइस यांनी 1875 मध्ये मोम्बासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रीअरटाउन वसवले, तेव्हा नाशिकमध्ये घडलेले आफ्रिकी तरुण तेथे कारागीर व शिक्षक म्हणून उभे राहिले.