विद्येचें मोल व शाळेची रोजनिशी

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत श्राद्धास वर्ज्य अशा ब्राह्मणांची जी यादी आहे, तींत भृतकाध्यापक, म्हणजे वेतन घेऊन पढविणारा, हाही आढळतो. कालिदासानें मालविकाग्निमित्राच्या पहिल्या अंकांत केवळ उपजीविकेसाठीं विद्या बाळगणारास व्यापाऱ्याच्या पंक्तीस बसविलें आहे. हा निषेध आज कोणी अक्षरशः पाळणार नाहीं. शिक्षकासही पोट आहे, आणि प्रस्तुत लेखकाचें सारें आयुष्य शाळेच्या वेतनावरच गेलें. परंतु वेतन आणि मोल यांत भेद आहे. वेतनानें शिक्षकाचा योगक्षेम चालतो; मोल ठरवावयाचें म्हणजे विद्येचे तुकडे पाडून प्रत्येकाचा भाव करावा लागतो. हा दुसरा प्रकार इंग्लंडांत सरकारी तिजोरीच्या बळावर तीस वर्षांहून अधिक काळ चालला. त्याची हकीकत व तिचें एक अस्सल साधन यांचा विचार येथें करावयाचा आहे.

इंग्लंडांतील प्राथमिक शाळा त्या काळीं बहुतांशीं धर्मसंस्थांच्या, म्हणजे खासगी मंडळ्यांच्या, हातीं होत्या. सरकारनें १८३३ सालीं २०,००० पौंड देऊन त्यांस साहाय्य करण्यास आरंभ केला. १८४६ पासून प्रशिक्षित शिक्षकांच्या वेतनांत सरकार परस्पर भर घालूं लागलें. खर्च वाढत गेला, तेव्हां १८५८ मध्यें न्यूकॅसल आयोग नेमण्यांत आला व त्याचा अहवाल १८६१ मध्यें प्रसिद्ध झाला. शिक्षणखात्याचा कारभार त्या वेळीं रॉबर्ट लो याजकडे होता. हा गृहस्थ खुल्या व्यापाराचा कट्टा पुरस्कर्ता. आपली योजना स्वस्त न ठरली तर कार्यक्षम ठरेल, आणि कार्यक्षम न ठरली तर स्वस्त तरी ठरेल, असा त्याचा पार्लमेंटपुढील युक्तिवाद होता. या विचारांतून १८६२ चा सुधारलेला नियमसंग्रह निघाला.

त्यांतील हिशेब मुळांतून पाहण्याजोगा आहे. सरासरी हजेरीवर दर मुलामागें ४ शिलिंग. सहा वर्षांवरील ज्या मुलानें वर्षांत २०० हून अधिक वेळां सकाळची वा दुपारची हजेरी भरली, त्याजबद्दल आणखी ८ शिलिंग; मात्र सरकारी तपासनिसापुढें त्याची वाचन, लेखन व गणित या तिहींत परीक्षा व्हावयाची आणि ज्या विषयांत तो नापास होईल त्यामागें २ शिलिंग ८ पेन्स कापले जावयाचे. म्हणजे ८ शिलिंगांचे तीन समान भाग पाडून एकेका विषयाचा भाव बांधला होता. ही रक्कम शिक्षकास परस्पर न मिळतां शाळेच्या चालकांच्या हातीं पडे, व शिक्षकानें आपलें वेतन त्यांच्याशीं ठरवून घ्यावें, अशी रचना होती.

परिणाम लवकरच दिसूं लागले. १८६१ मध्यें अनुदान सुमारें ८,१३,००० पौंड होतें, तें १८६५ मध्यें सुमारें ६,३७,००० पौंडांवर आलें. 'स्वस्त' हें वचन तेवढें खरें झालें. इतिहास, भूगोल व व्याकरण यांस बाजारांत भाव नव्हता, म्हणून ते विषय मागें पडले. १८६७ मध्यें जादा विषयांसाठीं सरकारला निराळें अनुदान जाहीर करावें लागलें. म्हणजे मोलानें झालेली हानि मोलानेंच भरून काढण्याचा यत्न झाला. कवि मॅथ्यू आर्नल्ड हा १८५१ पासून १८८६ पर्यंत शाळातपासनीस होता. त्यानें १८६२ मध्येंच या योजनेविरुद्ध लिहिलें, आणि पुढें आपल्या अहवालांतून शिक्षण यांत्रिक होत चालल्याचें वारंवार दाखविलें. खरें वाचतां न येतां मूल वाचनांत उत्तीर्ण करून घेण्याची युक्ति शाळांस साधली होती. १८९० नंतर ही पद्धत क्रमाक्रमानें मोडली. एडमंड होम्स या निवृत्त मुख्य तपासनिसानें १९११ च्या ग्रंथांत तिजवर जो ठपका ठेवला, तो तिची अंमलबजावणी स्वतः केलेल्या माणसाचा म्हणून विशेष वजनदार आहे.

आतां साधनाविषयीं. याच नियमसंग्रहानें प्रत्येक अनुदानित शाळेस एक रोजनिशी, म्हणजे लॉगबुक, ठेवणें बंधनकारक केलें. ती पक्क्या बांधणीची व निदान ५०० आंखीव पानांची असावी, मुख्याध्यापकानें तींत रोज थोडक्यांत नोंद करावी, आणि सर्वसामान्य स्वरूपाचीं मतें वा विचार तींत मुळींच लिहूं नयेत, असा दंडक होता. तपासनिसाच्या अहवालाचा सारांशही तींतच उतरावयाचा. अशा शेंकडों वह्या आज इंग्लंडांतील जिल्हा दप्तरखान्यांत आहेत. मत लिहावयाचें नाहीं, म्हणून शिक्षकानें वस्तुस्थिति लिहिली : हंगामांत मुलें शेतावर गेल्यानें ओस पडलेले वर्ग, सांथीचे ताप, परीक्षेच्या तोंडावरील घोकंपट्टी. ज्या नियमानें शाळेस दुकानाचें रूप दिलें, त्यानेंच दुकानाचें रोजकीर्द ठेवावयास लाविलें, आणि आज तें रोजकीर्दच त्या नियमाविरुद्ध साक्ष देत आहे.

ही पद्धत आपल्याकडेही आली होती. १८८२ मध्यें हंटर आयोग बसला, तेव्हां मुंबई इलाख्यांत खासगी शाळांचें अनुदान परीक्षेच्या निकालावरच ठरत असे. त्या आयोगापुढें १९ ऑक्टोबर १८८२ च्या निवेदनांत जोतीराव फुले यांनीं प्राथमिक शिक्षकाचें वेतन निदान १२ रुपये असावें अशी मागणी केली, आणि उत्तीर्ण मुलामागें दोन ते चार आणे जादा द्यावे असेंही सुचविलें. येथें क्रम महत्त्वाचा आहे. मोलाचा त्यांस सर्वस्वी निषेध नव्हता. पण पाया वेतनाचा, व मोल त्यावरील वरकड. लोच्या योजनेंत असा पायाच नव्हता. हिंदुस्थान सरकारनें ११ मार्च १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावानें निकालानुसार अनुदानाची पद्धत टाकून दिली.

यावरून संशोधकांस एक विनंती करावीशी वाटते. आपण बखरी, सनदा व महजर जपतों, परंतु जुन्या शाळांचीं हजेरीपटें, शेरेबुकें व लॉगबुकें रद्दींत जातात, हें प्रस्तुत लेखकानें डोळ्यांनीं पाहिलें आहे. महाराष्ट्रांत २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या अधिनियमानें शासनाच्या अनुदानावांचून चालणाऱ्या शाळांस स्वतंत्र कायदेशीर चौकट मिळाली. त्यांतील कांहीं टिकतील, कांहीं बंद पडतील. जी बंद पडेल तिचें दप्तर कोणाच्या ताब्यांत राहील? विद्येचें मोल करणें हितावह कीं अहितकर, हा वाद पुढील पिढ्यांतही होणार, आणि त्यांत अहवाल व जाहिराती दोन्ही बाजूंस विपुल सांपडतील. निर्णय करावयाचा झाल्यास मुख्याध्यापकाची साधी, मतहीन नोंदच उपयोगी पडेल. ज्यांच्या गांवीं जुनी शाळा असेल त्यांनीं निदान एकवार तिच्या कपाटांत डोकावून, जें सांपडेल त्याची यादी करून ठेवावी.