वेडा म्हणजे धोकादायक?

आज विषय जरा जड आहे.

२५ जानेवारी २०१२ ची सकाळ पुणेकर विसरणार नाहीत. स्वारगेट आगारातून संतोष माने या एसटी चालकाने बस पळवली आणि रस्त्यावरच्या माणसांना चिरडत नेली. नऊ जण गेले. माने आमच्या सोलापूर जिल्ह्यातला. त्यामुळे इथे कट्ट्याकट्ट्यावर एकच बोलणे, "वेडा होता हो, असल्यांना आधीच कोंडायला पाहिजे." न्यायालयाने मात्र वेडेपणाचा बचाव मानला नाही. फाशीची शिक्षा झाली, ती जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणली.

"असल्यांना" म्हणजे नेमके कोणाला? हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो. मास्तरकीची खोड, म्हणून जुने कायदे चाळले.

इंग्रजांच्या १९१२ च्या कायद्यात वेडामुळे धोकादायक वाटणाऱ्याला पोलिसांनी पकडायचे होते. पकडण्यापुरता निवाडा पोलिसाचाच, मॅजिस्ट्रेट पुढे. १९८७ साली नवा कायदा झाला, पण अमलात यायला १९९३ उजाडले. २०१७ च्या कायद्यात संमतीशिवाय दाखल करायचे तर माणसाचे अलीकडचे वागणे बघावे लागते. स्वतःला इजा करू पाहिली का, दुसऱ्यावर धावून गेला का, स्वतःची काळजी घेता येते का. रस्त्यावर सापडलेल्या रुग्णाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही.

अमेरिकेत १९६६ मध्ये बॅक्स्ट्रॉम खटल्याच्या निकालामुळे 'धोकादायक' शिक्क्याचे नऊशेहून अधिक रुग्ण साध्या मनोरुग्णालयांत हलवावे लागले. तिथले लोक धास्तावले. पुढे चार वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले, तर बहुतेकांनी कोणावर हात उगारला नव्हता.

आता जाणते डॉक्टर आजाराच्या नावावर थांबत नाहीत. पूर्वी मारहाण केली का, दारू आहे का, औषध सुटले का, कोणाला धमकी दिली का, हे विचारतात. कॅनडात १९९५ साली अशा वीस मुद्द्यांची यादीच तयार झाली. तरी हे भविष्य नव्हे. परिस्थिती बदलली की पुन्हा तपासायचे.

हे सगळे लिहायचे कारण एकच. "कोंडा" ऐकले की घरचे आजार लपवतात, डॉक्टरकडे जाणे थांबते, गोळ्या सुटतात, आणि टाळता आला असता तो धोका वाढतो. ओळखीच्या घरी असे कोणी असेल तर कुजबुज करण्यापेक्षा "गोळ्या चालू आहेत ना? काही लागलं तर सांगा" एवढे म्हणू या.

असो. तुमचे मत जरूर कळवा.