पंधरा सप्टेंबर: उरले तास किती?

24 तास
रविवार, 14 सप्टेंबर 2025 ची रात्र. व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रक फिरतंय: रिटर्नची मुदत 30 सप्टेंबरपर्यंत वाढली. पत्रक खोटं आहे, मुदत 15 लाच संपते, असा खुलासा प्राप्तिकर खातं करतं. लोकांना तो पटत नाही, कारण मुदतवाढीची चटक आधीच लागलेली. 31 जुलैची तारीख खात्यानं 27 मे रोजीच पुढे ढकलली होती. फॉर्म बदलले होते आणि ते भरण्याची युटिलिटी तयार व्हायला वेळ लागणार होता. 46 दिवस जास्तीचे मिळाले. त्यात गणपती आले आणि गेलेही.

14 तास
सोमवार, सकाळचे दहा. मुंबईत पाऊस कोसळतोय. आज आगाऊ कराचा दुसरा हप्ताही भरायचाय, म्हणजे गर्दीत भर. सीएंच्या दारात फॉर्म 16 घेऊन येणारे आत्ता उगवतात. (मीही त्यांतलाच, लपवण्यात अर्थ नाही.)

8 तास
पोर्टल अडखळतंय, एआयएस (वार्षिक माहिती विवरणपत्र) डाउनलोड होत नाही, अशी ओरड समाजमाध्यमांवर. खातं म्हणतं, पोर्टल व्यवस्थित चालू आहे, ब्राउझरची कॅशे साफ करून बघा.

4 तास
सगळे विलंब शुल्कालाच घाबरलेले: 5,000 रुपये, उत्पन्न 5 लाखांच्या आत असेल तर 1,000. शिवाय थकलेल्या करावर महिन्याला 1 टक्का व्याज. खरा फटका मात्र वेगळाच आहे. तारीख हुकली की नोकरदाराला जुनी करप्रणाली निवडताच येत नाही. घरभाड्याची सूट, 80सीची दीड लाखापर्यंतची वजावट, सगळं पाण्यात. शेअरमधला तोटाही पुढच्या वर्षी ओढता येत नाही. त्यापुढे 5,000 म्हणजे चिल्लर.

1 तास
ओटीपीची वाट.

काही मिनिटं
मुदत वाढली! एक दिवस. 16 सप्टेंबरपर्यंत. आणि त्याच 16 तारखेचे पहिले अडीच तास पोर्टल देखभालीसाठी बंद. दिवसभर राबलेल्या सीएंना ही सवलत नव्हे, थट्टा वाटली असेल तर नवल नाही. तोवर 7.3 कोटींहून अधिक रिटर्न भरून झाले होते.

त्यांतलं माझं बचत खात्याचं व्याज न दाखवताच गेलं. घाईत चुकलेलं रिटर्न 31 डिसेंबर 2025 पर्यंत सुधारता येत होतं. माझं मी ऑक्टोबरात सुधारलं.