क्रोध, लोभ आणि पक्ष : आब्राहाम कायपर यांचे राजकारण

जेरुसलेमच्या मंदिरात येशूने सराफांची मेजे उलथून टाकली, हा प्रसंग चारही शुभवर्तमानांत आला आहे; योहानाच्या कथनात तर त्याच्या हाती दोऱ्यांचा आसूडही आहे. मंदिराचा कर विशिष्ट नाण्यांतच भरावा लागे, म्हणून तेथे नाणी बदलून देणारे बसत; गरिबाला अर्पण करता यावीत म्हणून कबुतरे विकली जात. म्हणजे हा व्यवहार उपासनेच्या सोयीसाठीच होता. देवस्थानाच्या आवारातील दुकानांचा प्रश्न ज्यांनी हाताळला आहे, त्या वाचकांस हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही. सोयीतून लोभ केव्हा उपजतो ते नेमके दाखवता येत नाही, आणि म्हणूनच त्या प्रसंगातील क्रोध ख्रिस्ती विचारवंतांना पुढे कित्येक शतके विचार करावयास लावणारा ठरला.

आपल्या षड्रिपूंप्रमाणे त्यांच्याकडेही सात महापातकांची गणना आहे. पोप ग्रेगरी याने सहाव्या शतकाच्या अखेरीस ती स्थिर केली, आणि क्रोध व लोभ हे दोन्ही तीत आहेत. परंतु दोहोंना सारखी वागणूक मिळाली नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने सांगितले की, विवेकाच्या आज्ञेत राहणारा क्रोध पाप नव्हे. उलट जेथे तो यावयास हवा तेथे न येणे हाच दोष. अर्थात पॉलची मर्यादा आहेच : सूर्य मावळण्यापूर्वी राग शमला पाहिजे. लोभाला मात्र अशी सवलत कोणी दिली नाही. न्याय्य क्रोध असू शकतो. न्याय्य लोभ असा शब्दप्रयोगच त्या परंपरेत संभवत नाही.

आता प्रश्न असा की, ज्या क्रोधाला सूर्यास्तापर्यंतचीच मुदत, त्याच्यावर चाळीस वर्षे टिकणारा राजकीय पक्ष कसा उभारावा? हा प्रयोग हॉलंडमध्ये झाला आणि त्याचे कर्ते आब्राहाम कायपर (१८३७–१९२०) होते. हे मूळचे धर्मोपदेशक. १८७२ मध्ये त्यांनी ‘स्टांडार्ड’ हे दैनिक काढले व जवळजवळ अखेरपर्यंत त्याचे अग्रलेख लिहिले. लेखणी तिखट होती. किंबहुना तिच्या धारेचा उपसर्ग मित्रांनाही पुष्कळ झाला.

ठिणगी पडली ती शाळांवरून. १८७८ मध्ये उदारमतवादी मंत्रिमंडळाने शिक्षणाचा नवा कायदा आणला. इमारती, शिक्षक, साधने यांचा दर्जा सर्वच शाळांनी वाढवावा, असे त्यात होते. मात्र खर्चासाठी सरकारी मदत सार्वजनिक शाळांनाच. ज्या पालकांना आपल्या धर्माचे शिक्षण मुलांना द्यावयाचे होते, त्यांनी कर भरून सरकारी शाळा पोसावयाची आणि वर आपल्या शाळेचा वाढलेला खर्चही सोसावयाचा, असा त्याचा अर्थ झाला. कायपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी राजाकडे अर्ज पाठवला. त्यावर तीन लाखांहून अधिक प्रॉटेस्टंटांच्या सह्या होत्या. यांतील बहुतेकांना मतदानाचा हक्कच नव्हता. राजाने अर्ज स्वीकारला आणि कायद्यावरही सही केली.

माझ्या मते अक्वायनसच्या कसोटीस उतरणारा क्रोध तो हाच. त्याला कारण होते, मर्यादा होती आणि मागणी स्पष्ट होती. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, त्यातून ‘क्रांतिविरोधी पक्ष’ उभा राहिला. हॉलंडमधील कार्यक्रम, शाखा व वर्गणीदार यांनी बांधलेला हा पहिला राष्ट्रीय पक्ष होय. नावातील क्रांती म्हणजे फ्रान्सची, ईश्वराला राज्यव्यवहारातून वगळणारी. १८८० मध्ये शासन व चर्च या दोहोंपासून स्वतंत्र असे विद्यापीठही त्यांनी ॲम्स्टरडॅममध्ये स्थापन केले. पुढे स्वतःच्या शाळा, स्वतःची वृत्तपत्रे, स्वतःच्या संस्था असा हा समाज वाढला. त्याबरोबरच शेजाऱ्यापासून दूरही गेला. क्रोध आतही वळला. १८८६ मध्ये चर्च फुटले, १८९४ मध्ये मताधिकाराच्या वादात पक्षही फुटला.

लोभाविषयी कायपर यांचे भाषण प्रसिद्ध आहे. पोपचे कामगारविषयक पत्रक निघाले त्याच वर्षी, नोव्हेंबर १८९१ मध्ये, ख्रिस्ती सामाजिक परिषदेपुढे त्यांनी सांगितले की, दारिद्र्य हा दानधर्माने झाकण्याचा विषय नव्हे. समाजाच्या रचनेतच दोष आहे, आणि पैशाची पूजा हे त्याचे मूळ आहे. समाजवाद्यांच्या रागात तथ्य आहे, हेही त्यांनी मान्य केले.

बारा वर्षांनी तोच राग त्यांच्या दारी आला. १९०१ पासून ते पंतप्रधान होते. जानेवारी १९०३ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या गोदी कामगारांच्या पाठिंब्यासाठी रेल्वेकामगार संपावर गेले व जिंकले. कायपर यांनी लगोलग विधेयके आणून रेल्वेकामगार व सरकारी नोकर यांचा संप गुन्हा ठरवला. एप्रिलमध्ये विरोधी सार्वत्रिक संप फसला आणि पुष्कळांच्या नोकऱ्या गेल्या. रेल्वे बंद पडली तर देश अडतो, हा सरकारचा युक्तिवाद पोकळ नव्हता. तथापि १८७८ मध्ये मतहीनांची दाद न लागल्याचा संताप ज्याने अनुभवला, त्याने दुसऱ्या मतहीनांच्या संतापाला दंडसंहितेत जागा द्यावी, याचे समर्थन करणे मला जमत नाही.

१९०९ मध्ये लोभाचा प्रश्न उभा राहिला. कायपर मंत्री असताना लेमन नावाच्या व्यापाऱ्यास राजपदक मिळाले होते. त्याच्याकडून पक्षाच्या निधीस मोठी रक्कम आल्याचे उघडकीस आले. समाजवादी नेते ट्रूल्स्ट्रा यांनी संसदेत तोफ डागली. १९१० मध्ये मान्यवरांच्या मंडळाने चौकशी करून कायपर यांना पदकाच्या विक्रीच्या आरोपातून मुक्त केले. वकिली व्यवसायात अशा निर्णयाचे महत्त्व कळते, आणि त्याच्या मर्यादाही. कायपर यांनी तो पैसा आपल्या खिशात घातला, असे कोणी म्हणत नव्हते. रक्कम पक्षाची होती, म्हणजे धर्मकार्याची! आणि याच ठिकाणी सहाव्या शतकापासून चालत आलेली व्याख्या अपुरी पडते. लोभाला स्वतःचे पोट नसले, तो संस्थेसाठी असला, तर त्याला ओळखावयाचे कसे? मंदिराच्या भिंतीवरील देणगीदारांच्या फरश्या वाचताना हा प्रश्न आपणांसही कधी तरी पडला असेल.

शाळांचा न्याय मात्र अखेर मिळाला. १९१७ च्या घटनादुरुस्तीत धार्मिक शाळांना समान अनुदानाचा हक्क आला आणि त्याच दुरुस्तीने सर्व प्रौढ पुरुषांना मतदानाचा हक्कही दिला. एका पक्षाला शाळा हव्या होत्या, दुसऱ्यांना मताधिकार; दोन्ही बाजूंनी बसून देवाणघेवाण ठरवली. ज्या ट्रूल्स्ट्रांनी आठ वर्षांपूर्वी कायपरांवर तोफ डागली होती, त्यांचा पक्षही त्या तडजोडीत होता. अनुदानाचा कायदा ऑक्टोबर १९२० मध्ये झाला आणि नोव्हेंबरात कायपर हेग येथे निवर्तले.